पानं आणि साली: अँटिऑक्सिडंट चाचणी पहिल्यांदा करताना

जांभळ्या द्रावणात अर्काचे चार थेंब पडतात आणि बघता बघता ते पिवळं होतं. झाडपाल्याच्या या कामात नवख्याला भुरळ घालणारा क्षण हाच. रंग उडाला, ९० टक्के आले, आलेख काढला, झालं काम! प्रत्यक्षात परीक्षानळीतला तो अर्धा तास म्हणजे या कामाचं नुसतं शेपूट. झाड ओळखणं, साल काढणं, पानं वाळवणं, विद्रावक निवडणं यांतच निकाल बराचसा ठरून गेलेला असतो. तिथे झालेली चूक पुढे कुठलंही यंत्र निस्तरत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये चाचणीइतकीच जागा तिच्या आधीच्या कामाला दिली आहे.

हाताशी तराजू, स्पेक्ट्रोफोटोमीटर, पिपेट आणि थोडी रसायनं आहेत, पण हे काम पूर्वी केलेलं नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे.

आधी थोडं: झाडाला हे कशाला हवं असतं?

मुक्तमूलक म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा रेणू किंवा अणू. तो शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढतो, मग शेजारी तेच करतो आणि साखळी सुरू होते. अँटिऑक्सिडंट स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतो आणि स्वतः फारसा बिथरत नाही. फिनॉलिक द्रव्यांना, म्हणजे कार्बनच्या सहाकोनी कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागलेल्या द्रव्यांना, हे जमतं, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्या कड्यावर पसरून शांत होतो.

पान दिवसभर उन्हात उभं असतं आणि स्वतःच ऑक्सिजन तयार करत असतं. गरजेपेक्षा जास्त प्रकाश पडला की तिथेच सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी त्रासदायक मंडळी जन्माला येतात. त्यामुळे पानात फ्लेव्होनॉइड, क जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइड यांचा साठा असतो. सालीचं दुखणं निराळं. तिला बुरशी, कीड आणि कुरतडणारे प्राणी थोपवायचे असतात, म्हणून ती टॅनिन साठवते. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधतं. कातडं कमावण्यात हाच गुण उपयोगी पडतो आणि साल चघळल्यावर तोंड आवळतं तेही यामुळेच.

हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा. शेवग्याच्या किंवा पेरूच्या पानांत क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइड सापडतात आणि सोबत भरपूर हरितद्रव्य येतं. आंब्याच्या पानांत आणि सालीत मँजिफेरिन असतं. अर्जुनाच्या सालीत टॅनिन आणि अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पिनॉइड असतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सागरी पाइनची साल प्रोसायनिडिन या टॅनिनच्या जातीतल्या द्रव्यांसाठी प्रसिद्ध आहे. पानाचा अर्क रंगाने फसवतो, सालीचा अर्क संथपणाने आणि गढूळपणाने. दोन्हींना एकच कृती डोळे झाकून लावली की गडबड होते.

पायरी १: झाड नक्की तेच आहे ना?

अशोकाचं उदाहरण पुरेसं आहे. औषधी अशोक म्हणजे सराका असोका, केशरी-लाल फुलांचे घोस येणारा. रस्त्याकडेला सरळसोट उभा राहणारा, लोंबत्या पानांचा ‘अशोक’ वेगळ्याच कुळातला आहे, त्याचं आताचं नाव मोनून लाँगिफोलियम. अशोकाच्या सालीत याच झाडाच्या सालीची भेसळ सर्रास होते. वाळलेले तुकडे हातात आल्यावर नुसत्या नजरेने ओळखणं जाणकारालाही जड जातं.

म्हणून दुकानातली तयार भुकटी पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. उभ्या झाडापासून सुरुवात करा. फुलं-फळं असलेली फांदी दाबून वाळवा, वनस्पतीशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पक्की करून घ्या, नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करून त्याचा क्रमांक वहीत लिहा. पुढे कुणी शंका काढली तर हा क्रमांकच तुमच्या बाजूने उभा राहतो.

पायरी २: तोडणी

पानं घ्यायची तर कोवळी, पक्व आणि पिकलेली एकत्र करू नका. तिन्हींतली द्रव्यं वेगळी असतात. फांदीच्या टोकाकडून मोजून ठरावीक क्रमांकाची पानं घ्या, उदाहरणार्थ तिसरं ते पाचवं. उन्हातल्या बाजूची पानं आणि सावलीतली पानं वेगळी ठेवा, कारण उन्हातल्या पानांत फ्लेव्होनॉइड सहसा जास्त असतात. तारीख, वेळ, ऋतू आणि झाडाचा घेर त्याच दिवशी टिपा. घरी गेल्यावर आठवेल, असं म्हणून राहिलेल्या नोंदी कायमच्या राहतात.

साल काढताना मात्र हात आवरा. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. खोडाभोवती पूर्ण वळसा घालून साल सोलली की मुळं उपाशी मरतात आणि त्यामागे झाड. छाटलेली फांदी मिळाली तर सर्वांत उत्तम. नाहीच तर एका बाजूने उभी अरुंद पट्टी घ्या, तीही फांदीवरून, आणि तेव्हाही झाडाच्या मालकाची परवानगी घेऊनच.

साल घेतल्यावर वरची मेलेली खरबरीत खपली आणि आतली ओली साल वेगळी करा. दोन्हींची चाचणी स्वतंत्र होऊ शकते, पण मिसळून केली तर आकडा कशाचा आहे हे सांगता येणार नाही. दगडफूल आणि शेवाळ ब्रशने खरवडून काढा. दगडफुलाची स्वतःची फिनॉलिक द्रव्यं असतात आणि ती तुमच्या झाडाच्या नावावर जमा होतील. चाकू स्टेनलेस स्टीलचा हवा. गंजक्या लोखंडाला लागलं की टॅनिन निळं-काळं पडतं.

पायरी ३: वाळवणं आणि दळणं

तोडलेलं पान जिवंतच असतं. ढीग करून ठेवलं की पेशी फुटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर फिनॉलिक द्रव्यांवर तुटून पडतं आणि पानं काळपट होतात. जे मोजायचं तेच अशा वेळी हातातून निसटत असतं. पानं पटकन धुवा, पाणी टिपून घ्या, सावलीत वारा लागेल अशा जागी एकेरी थरात पसरा. ओव्हन असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका. गोठवून वाळवण्याचं यंत्र मिळालं तर याहून चांगलं काही नाही.

साल ओली असतानाच बारीक चिरून घ्या. वाळल्यावर ती दगड होते आणि मिक्सरचं पातं जातं.

लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की वाळवण पूर्ण झालं समजा. त्याखेरीज दोन-तीन ग्रॅम भुकटी १०५ अंशांवर ठेवून तिच्यातलं उरलेलं पाणी मोजा. ही भुकटी नंतर टाकून द्यायची, तिच्यापासून अर्क काढायचा नाही. दळताना मिक्सर थांबून थांबून चालवा, नाहीतर भांडं तापतं. पानं आणि साल दोन्ही एकाच चाळणीतून काढा. ४० नंबरची चाळणी, म्हणजे साधारण ४२० मायक्रॉनची, चालेल. एकाची भुकटी जाड आणि दुसऱ्याची मैद्यासारखी असेल तर तुलना झाडांची न राहता भुकट्यांची होते.

पायरी ४: अर्क

पहिल्या प्रयोगाला ७० टक्के इथेनॉल घ्या. मिथेनॉल अनेक प्रबंधांत दिसेल, तो द्रव्यं चांगली ओढतोही, पण तो विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जातो. सालीतल्या मोठ्या टॅनिनसाठी ७० टक्के ॲसिटोन सरस ठरतो. मात्र ॲसिटोनने प्लास्टिकचे क्युव्हेट धुरकट होतात, तेव्हा काचेचे वापरा. नुसत्या पाण्याचा अर्कही सोबत केलात तर उत्तम, कारण काढा घेणाऱ्या माणसाच्या पोटात जातं त्याच्या तो जास्त जवळचा असतो.

१० ग्रॅम भुकटी, १०० मिलिलिटर विद्रावक, २४ तास अंधारात हलवत ठेवा. गाळा. उरलेल्या चोथ्यावर ताजा विद्रावक घालून हेच आणखी दोनदा करा आणि तिन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करा. विद्रावक ४० अंशांखाली, कमी दाबावर उडवा. उरलेला चिकट अर्क वजन करून गडद बाटलीत, उणे २० अंशांवर ठेवा. पानांत मेण आणि हरितद्रव्य फार असेल तर आधी हेक्झेनने धुऊन घेता येतं. थोडं हरितद्रव्य तरीही राहतंच.

उतारा लिहायला विसरू नका. समजा १० ग्रॅम भुकटीतून १.५ ग्रॅम अर्क आला, तर उतारा १५ टक्के. या एका आकड्यावाचून पुढचे सगळे आकडे लटके पडतात, आणि बहुतेक नवख्यांच्या वहीत नेमका तोच नसतो.

महागड्या चाचण्यांआधी अर्काच्या थेंबावर फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकून पाहा. निळा-काळा रंग आला तर जलविघटनक्षम (पाण्याने सुटं होणारं) टॅनिन, हिरवट आला तर संघनित (तसं सुटं न होणारं) टॅनिन. मिनिटभराचं काम आहे, पण पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो.

पायरी ५: एकूण फिनॉल

फोलिन आणि चोकाल्ट्यू यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अभिकारकावर ही पद्धत उभी आहे. आज रूढ असलेलं रूप सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५ मध्ये दिलं. ०.५ मिलिलिटर अर्कात दहापट विरल केलेला अभिकारक २.५ मिलिलिटर घाला, पाच मिनिटं थांबा, मग ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर. अर्ध्या-एक तासात निळा रंग चढतो. ७६५ नॅनोमीटरवर मोजा. सगळ्या नळ्यांना वेळ एकच द्या. क्रम उलटा करू नका. अल्कलीत हा अभिकारक टिकत नाही, म्हणून त्याला आधी अर्काची गाठ पडू द्यायची आणि मग कार्बोनेट. बाटलीतला पिवळा अभिकारक हिरवट दिसू लागला असेल तर तो वापरू नका.

सोबत गॅलिक आम्लाची १० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी प्रमाणरेषा काढा. आता हिशेब. अर्क १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होता आणि रेषेवरून ५० मायक्रोग्रॅम आले, तर अर्काच्या एका ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम गॅलिक आम्लाइतकं फिनॉल. उतारा १५ टक्के, म्हणून भुकटीच्या एका ग्रॅममागे फक्त ७.५ मिलिग्रॅम. प्रयोग एकच, आकडे दोन. दोन प्रबंधांत एकाच झाडाचे आकडे सहा-सातपट वेगळे दिसले तर आधी ‘प्रति ग्रॅम कशाचं’ हे पाहा.

आणि ही चाचणी फक्त फिनॉल मोजते असं समजू नका. क जीवनसत्त्व, काही शर्करा, प्रथिनांतलं टायरोसिन हेही तिला निळं करतात.

पायरी ६: जांभळा रंग

डीपीपीएच हा बाटलीत ठेवता येण्याइतका स्थिर मुक्तमूलक. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये तो अँटिऑक्सिडंट मोजायला वापरला आणि साधेपणामुळे ही पद्धत जगभर पसरली.

३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये, म्हणजे ०.१ मिलिमोलर. हातमोजे घाला, धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) काम करा. भुकटी विरघळायला वेळ घेते. तळाशी कण राहिले तर दर तासाला द्रावण बदलत राहील, म्हणून निवांत हलवा. बाटलीला फॉइल गुंडाळा आणि द्रावण त्याच दिवशी संपवा.

तीन प्रकारच्या नळ्या लागतात. नियंत्रण नळीत ३ मिलिलिटर डीपीपीएच आणि १ मिलिलिटर मिथेनॉल. नमुना नळीत ३ मिलिलिटर डीपीपीएच आणि १ मिलिलिटर अर्क. तिसऱ्या नळीत ३ मिलिलिटर मिथेनॉल आणि १ मिलिलिटर अर्क, डीपीपीएच नाही. ३० मिनिटं अंधारात ठेवा, मग ५१७ नॅनोमीटरवर मोजा. नियंत्रण नळीचं वाचन ०.८ ते ०.९ च्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर डीपीपीएच जुना आहे किंवा वजन चुकलंय.

तिसरी नळी मी पहिल्या खेपेला केलीच नव्हती. सालीचा तांबूस अर्क, मात्रा वाढवत नेली तशी ताकद कमी होत गेलेली दिसली. दोन दिवस मी त्यावर सिद्धान्त रचत होतो. खरं कारण एवढंच, की गडद अर्काचा स्वतःचा रंग वाचनात मिसळत होता. समजा नियंत्रण ०.८४०, नमुना ०.४००, आणि अर्काचा स्वतःचा रंग ०.०४०. नमुन्यातून रंग वजा केला की ०.३६०. मग ०.८४० वजा ०.३६०, भागिले ०.८४०, गुणिले १००. उत्तर ५७.१ टक्के. रंग वजा न करता हेच ५२.४ येतं. पानांच्या हिरव्या अर्कालाही हाच नियम.

मात्रा कशी ठरवायची? आधी १, १०, १००, १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी ढोबळ फेरी करा. रंग निम्मा होतो तो टप्पा सापडला की त्याच्या आसपास पाच-सहा मात्रा घ्या. आयसी-५०, म्हणजे निम्मा रंग घालवणारी मात्रा, २० ते ८० टक्क्यांमधल्या बिंदूंवरूनच काढा. सगळ्या मात्रांना ९० टक्के आले असतील तर आनंदू नका. आलेख सपाट झालाय आणि हाती काहीच लागलेलं नाही. १०० टक्के तर येतच नाहीत, कारण उरलेल्या पिवळ्या पदार्थाचंही थोडं शोषण असतं.

सालीच्या अर्काला एक जादा काम. मोठे टॅनिन रेणू सावकाश चालतात, तेव्हा १०, ३० आणि ६० मिनिटांना वाचन घेऊन रंग उतरायचा थांबला का ते पाहा. नळी गढूळ झाली तर सेंट्रिफ्यूज करा. गढूळपणा प्रकाश अडवतो आणि यंत्र त्यालाच रंग समजतं.

पायरी ७: स्वतःलाच पकडा

प्रत्येक फेरीत ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, ठेवा, तेही ताजं. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू शमवतो, त्यामुळे उत्तर कागदावरच काढता येतं. वरच्या कृतीत नळीतला डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर. त्याचा निम्मा ०.०३७५. त्यासाठी ॲस्कॉर्बिक आम्ल ०.०१८७५ मिलिमोलर लागेल. रेणुभार १७६.१२ ने गुणलं की सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. तुमचं उत्तर याच्या आसपास असेल तर हात बसला. ४० आलं असेल तर अर्काचे आकडे बाजूला ठेवा आणि आधी हे निस्तरा.

इथेच एक खाचखळगा आहे. तुम्ही घातलेलं १ मिलिलिटर एकूण ४ मिलिलिटरमध्ये पसरतं, म्हणजे मात्रा चौपट विरल होते. घातलेल्या द्रावणाच्या मात्रेत लिहिलं तर तेच ॲस्कॉर्बिक आम्ल १३.२ दाखवेल. दोन्ही बरोबर, फक्त कुठली मात्रा ते स्पष्ट लिहा. डीपीपीएचची मात्रा बदलली तरी आयसी-५० बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा आपल्याशेजारी ठेवून ‘आमचं झाड सरस’ म्हणता येत नाही. आयसी-५० जितका कमी तितकी ताकद जास्त, हे उलटं गणितही तोंडी परीक्षेत भल्याभल्यांना अडकवतं.

एकाच नळीचं तीनदा वाचन म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्याने फक्त यंत्राचा थरथराट कळतो. तीन वेगळ्या झाडांची पानं, तीन स्वतंत्र अर्क, असं केलं तर झाडांविषयी काही बोलता येतं.

दुसरी चाचणी का?

डीपीपीएच शरीरात कुठेच नसतो. त्याची बांधणी दाटीवाटीची असल्यामुळे काही मोठे रेणू त्याच्यापर्यंत नीट पोचतही नाहीत. म्हणून वेगळ्या तत्त्वावरची एक चाचणी जोडा. अर्क फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन किती देतो हे मोजणारी फ्रॅप ही बेंझी आणि स्ट्रेन यांची १९९६ ची पद्धत सोपी आहे. ३.६ सामूचं ॲसिटेट बफर, टीपीटीझेड (लोहासोबत निळा रंग देणारं रसायन) आणि फेरिक क्लोराइड १०:१:१ प्रमाणात, निळा रंग ५९३ नॅनोमीटरवर. एबीटीएस या दुसऱ्या रंगीत मुक्तमूलकाच्या चाचणीला मात्र आदल्या रात्री तयारी लागते. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट १२ ते १६ तास अंधारात ठेवायचं, मग ७३४ नॅनोमीटरवर ०.७० वाचन येईल इतकं विरल करायचं. डीपीपीएच आणि फ्रॅप यांत झाडांचा क्रम वेगळा लागला तर घाबरू नका, दोन्ही चाचण्या वेगळे प्रश्न विचारतात.

निष्कर्ष लिहिताना

इथे लोक सर्वांत जास्त घसरतात. नळीतला रंग गेला आणि अहवालात कर्करोग, मधुमेह, वार्धक्य सगळं बरं झालं. पॉलिफिनॉल आतड्यातून थोडंच शोषलं जातं, उरलेल्याचं मोठ्या आतड्यातले जिवाणू रूपांतर करतात, आणि शोषलेल्यावर यकृत आणखी प्रक्रिया करतं. रक्तात पोचतं ते नळीतलं द्रव्य बहुधा नसतंच. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ओरॅक या अँटिऑक्सिडंट आकड्यांची यादी प्रसिद्ध केली होती. ती २०१२ मध्ये काढून टाकली, कारण त्या आकड्यांवरून शरीरावरचा परिणाम कळत नाही आणि ते जाहिरातींत मात्र वापरले जात होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. म्हणजे नावाजलेला अँटिऑक्सिडंटसुद्धा माणसात उलटा पडू शकतो.

विषाचीही तीच गोष्ट. कण्हेरीच्या पानांत फिनॉलिक द्रव्यं आहेत आणि हृदय बंद पाडणारी ग्लायकोसाइडंही. डीपीपीएचला त्यातली पहिलीच दिसतात. चाचणीसाठी काढलेला अर्क चाखून पाहू नका, कुणाला देऊ नका.

मग लिहायचं काय? मी विद्यार्थ्यांना एकच वाक्य पुरं करायला लावतो: ‘अमुक ठिकाणच्या, अमुक महिन्यात घेतलेल्या अर्जुनाच्या आतल्या सालीच्या ७० टक्के इथेनॉल अर्काचा डीपीपीएच चाचणीतला आयसी-५० अंतिम मात्रेत अमुक मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आला, त्याच फेरीत ॲस्कॉर्बिक आम्लाचा अमुक आला, स्वतंत्र अर्क तीन, उतारा अमुक टक्के.’ यातली एकही जागा भरता आली नाही, तर वहीचं ते पान उघडून त्या पायरीवर परत जायचं.